टिपणीसबाईंचा तिसरा रकाना

टिपणीसबाई स्विच कोपराने दाबायच्या.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. ऐंशीच्या दशकात ठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत विजेचे स्विच बनवणारा एक कारखाना होता, तिथे मी ट्रेनी इंजिनिअर म्हणून चिकटलेलो. हातात डिप्लोमा, खिशाला दोन पेनं, आणि जगाचं आता माझ्यावाचून अडणार अशी पक्की समजूत. तपासणी विभागात एका लांबट टेबलाशी एक बाई बसल्या होत्या. सुती साडी, दोरीने गळ्यात अडकवलेला चष्मा. समोरच्या फळीवर बसवलेले स्विच त्या एकामागून एक कोपराने खालीवर करत होत्या. बाईंच्या बोटांना काही झालं असावं असं वाटून मी मोठ्या मनाने म्हणालो, "बाई, द्या इकडे, मी बोटाने दाबतो."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "दामले, तुमच्याकडे कणीक कोण मळतं?"

"आई."

"मळता मळता अंधारून आलं तर आई दिवा कशाने लावते?"

मी डोळ्यांसमोर आई आणली. दोन्ही हात कणकेने माखलेले, आणि भिंतीकडे वळलेलं कोपर.

"त्या कोपराला जो स्विच अडकतो," बाई म्हणाल्या, "तो बोटाने दाबणाऱ्याला जन्मात सापडत नाही."

एवढं कळल्यावर माणूस शहाणा व्हायला हवा होता. पण महिन्याभरातच मी एक अख्खी खेप बोटाने तपासून, ऐटीत सही करून पुढे पाठवली. बाईंनी तिला लाल चिठ्ठी लावली. फाटकाशी टेंपो उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि मॅनेजरसाहेब तणतणत आले. "अहो बाई, दामल्यांनी सही केलीय ना?"

"केलीय. दामल्यांचं बोट फार सरळ आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "आता कृपया आपण दाबून बघा. जरा तिरकं."

साहेबांनी तिरकं दाबलं. तिसऱ्यांदा स्विच मध्येच अडकला, ना वर ना खाली. टेंपो रिकामा गेला, आणि माझी रवानगी गोदामात खोकी रचायला झाली.

त्या वाक्यातल्या 'कृपया'कडे लक्ष द्या. टिपणीसबाई शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना आडनावाने आणि 'तुम्ही' म्हणून बोलायच्या. राग चढला की आवाज नव्हे, आदर चढायचा. 'तुम्ही'चं 'आपण' झालं की कारखान्यातली माणसं इकडची तिकडे व्हायची, आणि 'कृपया' आलं की देवाचं नाव घ्यायची.

राहायच्या ठाण्यातच, वर्तकनगरला, वसाहतीतल्या दोन खोल्यांत, एकट्या. एकट्या का, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. औषधाच्या बाटलीतला बारीक अक्षरांचा कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही. एकदा त्यांच्याबरोबर छत्रीच्या दुकानात गेलेलो. बाईंनी छत्री उघडली, मिटली, पुन्हा उघडली आणि दुकानदाराला विचारलं, "नळ कुठे आहे?" तो म्हणाला, "बाई, वर्षाची गॅरंटी आहे!" बाई म्हणाल्या, "गॅरंटी डोक्यावर धरता येत नाही." मागच्या मोरीत नळाखाली चार छत्र्या उघडून झाल्या, पाचवी त्यांनी घेतली. पुढच्या वर्षी त्या दुकानात 'छत्री भिजवून मिळणार नाही' अशी पाटी लागली. ती बाईंमुळेच लागली असं मी शपथेवर सांगू शकत नाही, पण शपथ घ्यायला लावलीत तर घेईन.

नव्वदनंतर कारखाना आचके देत देत बंद पडला. मी त्याआधीच डोंबिवलीला बिऱ्हाड हलवून कॉम्प्युटरमध्ये शिरलो होतो. शिरलो म्हणजे काय, सगळेच शिरत होते, त्या लोंढ्यात मीही आत ढकलला गेलो. दशकाच्या शेवटी शेवटी आमचं एक मंडळ जमलं. डोंबिवली पूर्वेला साठे सरांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. पुढच्या खोलीत अजून टाइपरायटर खडखडायचे, मागच्या खोलीत तीन कॉम्प्युटर. तिथे दर रविवारी सकाळी आम्ही दहाबारा जण जमायचो. नाद एकच: मुक्त सॉफ्टवेअर. आपण प्रोग्रॅम लिहायचा आणि तो आतल्या सगळ्या मजकुरासकट जगाला देऊन टाकायचा. ज्याला हवा त्याने वापरावा, उघडून बघावा, दुरुस्त करावा, पुढे द्यावा. असे प्रोग्रॅम कोणालाही आपल्या मशीनवर बसवता येतील असे नीट बांधून आम्ही दर तीन महिन्यांनी एक सीडी काढायचो. ती शाळा-कॉलेजांत, छोट्या संस्थांत जायची. अशा बांधलेल्या प्रोग्रॅमला पॅकेज म्हणायचं.

सीडीवर जाण्याआधी पॅकेज मंजूर व्हावं लागे. त्याची आमची रीत अशी: ज्याने लिहिलं तो दाखवणार, आम्ही बघणार, साठेवहिनी पोहे आणणार, आणि पोहे खाऊन झाले की वहीत सह्या. पोह्यांवर खोबरं भरपूर असायचं. ते खाऊन 'तुझा प्रोग्रॅम बंद पडतो' असं म्हणण्याचा निर्दयपणा डोंबिवलीत कोणाच्या अंगी नव्हता.

अशात एका संध्याकाळी ठाणे स्टेशनबाहेरच्या भाजी बाजारात टिपणीसबाई भेटल्या. आता घरीच असतात, वर्तकनगरलाच एका क्लासात कॉम्प्युटर शिकल्या, हे ऐकून मी फुशारकीने म्हणालो, "या की रविवारी आमच्याकडे! बघा आम्ही काय करतो ते."

त्या आल्या. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून मंजुरीची वही वाचू लागल्या. शेऱ्यांच्या जागी लिहिलेलं होतं: 'छान.' 'उत्तम प्रयत्न.' 'चालते.' 'अभिनंदन!' एका पानावर तर 'पुढील वाटचालीस शुभेच्छा' होतं, आणि ते माझ्या अक्षरात होतं.

"साठे सर," बाईंनी विचारलं, "ही तपासणीची वही आहे की कोणाच्या निरोप समारंभाची?"

पुढच्या रविवारी त्यांनी नवी वही आणली. पट्टीने रेघा मारून तीन रकाने पाडलेले. पहिला: कोणत्या मशीनवर बसवलं. दुसरा: काय काय केलं. तिसरा: कुठे मोडलं. तिसरा रकाना कोरा ठेवायचा नाही.

"पण बाई, मोडलंच नाही तर?" कोणीतरी विचारलं.

"तर अजून तपासून झालेलं नाही."

दुसरा नियम त्याहून जाचक होता. पॅकेज ज्याने लिहिलं त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधून भिंतीशी उभं राहायचं आणि तोंड मिटून घ्यायचं. ते पॅकेज कधीही न पाहिलेल्या माणसाने फक्त सोबतचा सूचनांचा कागद वाचून ते बसवायचं. स्वतःचं पॅकेज चुकीच्या दिशेने चाललेलं गप्प बसून बघणं म्हणजे काय असतं, हे त्या भिंतीशी उभं राहिल्याशिवाय कळत नाही. आमच्यातला एक जण तर डोळे मिटून रामरक्षा म्हणायचा.

पहिल्यांदा माझी पाळी आली तेव्हा मी एक युक्ती काढलेली. साठे सर माझ्या पॅकेजवर बसलेले. त्यांचं बोट चुकीच्या बटणाकडे गेलं की मी खोकायचो. योग्य बटणाकडे गेलं की गप्प. असं खोकत खोकत मी सरांना बरोबर शेवटापर्यंत नेलं. टाळ्या पडल्या.

बाई उठल्या. "फारच छान, दामले. आता आपला खोकलाही कृपया सीडीवर घाला. नाशिकच्या शाळेत लागेल."

मंडळी पोटभर हसली. मीही हसलो, कारण रडण्यापेक्षा ते बरं दिसतं. सूचनांचा कागद मात्र घरी जाऊन नव्याने लिहिला, आणि खरं सांगायचं तर मी लिहिलेलं पहिलं सरळ, समजेल असं मराठी तेच.

वर्षभरात आमची सीडी बदलली. आधी ती उघडेल की नाही याची आम्हालाच धास्ती असायची. आता पत्रं यायला लागली, 'तुमचं पॅकेज पहिल्या झटक्यात बसलं.' पुण्याच्या एका गटाने वहीची झेरॉक्स मागवली. परदेशात मुक्त सॉफ्टवेअरचं एक मोठं भांडार होतं, तिथे आम्ही एका पॅकेजबद्दल तक्रार पाठवली तेव्हा तिसरा रकाना जसाच्या तसा इंग्रजीत करून धाडला. तिथल्या माणसाचं उत्तर आलं: इतकी नेमकी तक्रार आम्हाला फार कमी वेळा मिळते, तुमच्याकडे तपासणी करणारे व्यावसायिक किती आहेत? साठे सरांनी उत्तर लिहिलं, 'एक. निवृत्त.' ते पत्र आम्ही छापून भिंतीला लावलं. बाईंनी ते वाचलं आणि त्यातल्या तारखेखाली सही राहिलीय एवढं दाखवून दिलं.

आता माझ्या खऱ्या पराक्रमाकडे येतो.

ठाण्यात रक्तदात्यांची नोंद ठेवणारं एक सेवाभावी मंडळ होतं. त्यांच्याकडे जाडजूड रजिस्टर. एखाद्या हॉस्पिटलातून फोन आला की पानं उलटत त्या गटाचा माणूस शोधायचा. मी छातीठोकपणे म्हणालो, मी प्रोग्रॅम करून देतो. नाव, पत्ता, फोन, रक्तगट भरा. हवा तो गट टाका. नावं समोर हजर. मंडळ खूश. पुढच्या सीडीवर हे पॅकेज जाणार, मग गावोगावची अशी मंडळं वापरणार, असं साठे सरांनी जाहीरही करून टाकलं.

त्या महिन्यात बाईंची बहीण आजारी होती, म्हणून त्या दोन रविवार आल्या नाहीत. त्या दोन रविवारांत आम्ही पाच जणांकडून पॅकेज तपासून घेतलं. नियमाने! मी भिंतीशी उभा, खोकलासुद्धा नाही. तिसरा रकाना पाचही जणांनी भरला. 'हिरवा रंग जरा भडक.' 'नावाचं अक्षर थोडं मोठं हवं.' स्थळ पसंत असलं तरी काहीतरी खोट काढायची म्हणून मुलीच्या उंचीबद्दल बोलतात, तसं.

सोमवारी संध्याकाळी सीडी पाठवायची होती. आदल्या दिवशी, रविवारी, बाई आल्या. पाच सह्या त्यांनी नीट वाचल्या आणि पाचही जणांना एकच प्रश्न विचारला. "तुम्ही नावं कोणाची भरलीत?"

"दामल्यांनी यादी दिली होती," पहिला म्हणाला. "वीस नावांची. फ्लॉपीवरच."

दुसराही तेच म्हणाला. तिसरा, चौथा, पाचवाही. यादी मी सोय म्हणून दिली होती. कोण बसून नावं भरत बसेल! आमच्याच बिल्डिंगमधली माणसं घातलेली.

बाईंनी वही मिटली. "तुम्ही पाच जणांनी तपासलेलं नाही. दामल्यांनी पाचदा तपासलंय. मी सही करणार नाही."

साठे सर हळूच म्हणाले, "बाई, मंडळाला शब्द दिलाय. उद्या सीडी जायची आहे."

"जाऊ दे की. हे त्यात नसेल."

आणि इथे माझ्या तोंडून जे गेलं ते मला आजही आठवायला आवडत नाही. मी म्हणालो, "बाई, तुम्हाला प्रोग्रॅमिंग येतं का?"

त्या रागावल्या नाहीत. 'आपण' नाही, 'कृपया' नाही. नुसतं म्हणाल्या, "नाही. स्विचचं वायरिंगही मला कधी येत नव्हतं, दामले. उद्या संध्याकाळपर्यंत थांबा." आणि पिशवी उचलून निघून गेल्या. त्या दिवशी पोहे कोणी पुन्हा मागितले नाहीत.

सोमवारी संध्याकाळी सीडी नेणारा माणूस दारात चपला घालून उभा होता आणि बाई आल्या. बरोबर लुगडं नेसलेल्या, काखेत रिकामी टोपली घेतलेल्या एक बाई. मासळीचा वास खोलीत त्यांच्या आधी पोचला. ठाण्याच्या खाडीकडच्या कोळीवाड्यातल्या यमुनाबाई. रक्तदानाच्या एका शिबिरात त्यांनी रक्त दिलेलं, म्हणून मंडळाच्या रजिस्टरमध्ये त्यांचं नाव होतं. टिपणीसबाईंनी सकाळपासून ते रजिस्टर मांडीवर घेऊन पान न् पान वाचलं होतं आणि दुपारी थेट मासळी बाजार गाठला होता.

"दामले, भिंतीशी," बाई म्हणाल्या. मी हात मागे बांधले. "साठे सर, तुम्ही बसा. यमुनाबाई, तुमचं कार्ड द्या यांना."

यमुनाबाईंनी कमरेच्या पिशवीतून घडी पडलेलं कार्ड काढलं. सरांनी नाव भरलं, पत्ता भरला, रक्तगट भरला. एबी निगेटिव्ह.

"आता तोच गट शोधा."

सरांनी शोधला. पडद्यावर माझ्याच हाताने लिहिलेलं, भडक हिरव्या रंगातलं वाक्य उमटलं: 'या गटाचा दाता उपलब्ध नाही.'

"काय म्हंतंय?" यमुनाबाईंनी विचारलं.

"म्हणतंय, असं कोणी नाही," सर चाचरत म्हणाले.

"कोन नाय? मंग मी कोन बसलंय हितं?" त्या पडद्याच्या अगदी जवळ गेल्या, मग वळून थेट माझ्याकडे. चेहऱ्यावरूनच त्यांनी आरोपी ओळखला होता. "का रं बाला, माजं रगत तुज्या पेटीत मावत नाय?"

खरंच मावत नव्हतं. शब्दशः! रक्तगटासाठी मी दोन अक्षरांची जागा ठेवली होती. ए, बी नाहीतर ओ, आणि पुढे अधिक किंवा उण्याची खूण. झाली दोन. एबीला तीन लागतात हे माझ्या टाळक्यात आलंच नाही. तिसरं अक्षर, म्हणजे ती खूण, प्रोग्रॅम गुपचूप गिळून टाकायचा, आणि मग शोधताना त्याला काहीच जुळायचं नाही. माझ्या वीस जणांच्या यादीत एबी एकही नव्हता, कारण ते गट मी शेजाऱ्यांना विचारलेच नव्हते. मी स्वतः बी पॉझिटिव्ह. सगळ्या बिल्डिंगला उदार हस्ते बी आणि ओ वाटून टाकलेले.

मी भिंत सोडून धावलो, दोनाचे तीन केले. मिनिटभराचं काम. पुन्हा शोधलं, यमुनाबाईंचं नाव आलं. मी ओरडलो, "झालं!"

"एक आकडा बदललात," टिपणीसबाई म्हणाल्या. "आता पुन्हा सगळं पहिल्यापासून. आणि तुमची यादी घरी ठेवा."

सीडी त्या संध्याकाळी माझ्या पॅकेजशिवाय गेली. सरांनी स्वतः मंडळाला फोन करून सांगितलं की अजून तीन महिने लागतील. मी खाली मान घालून बसलेलो. यमुनाबाईंनी जाता जाता माझ्या पाठीवर थाप मारली. "रडू नको रं. माजा पोर पन सुरवातीला जालं उलटंच टाकायचा."

पुढच्या तीन महिन्यांत अख्खं रजिस्टर प्रोग्रॅममध्ये भरलं गेलं. कोणीही माझ्या ओळखीतलं नाव भरायचं नाही, असा नवा नियम. फक्त एक नाव असलेली माणसं सापडली, ज्यांना घरी फोन नाही अशी सापडली, पत्त्याच्या जागी 'बंदराजवळ विचारा' एवढंच असलेली सापडली. प्रत्येकाने माझं पॅकेज कुठे ना कुठे मोडलं. तिसरा रकाना चार पानं गेला. शेवटी एका रविवारी बाईंनी पेन काढलं आणि सही केली. पूर्ण नाव, ठसठशीत: कुमुद यशवंत टिपणीस. मला नोकरीचं पत्र मिळालं तेव्हाही छाती एवढी भरून आली नव्हती.

सीडी गेली. काही महिन्यांनी कल्याणच्या एका हॉस्पिटलातून मंडळाकडे फोन आला. बाळंतपणात अडलेली एक बाई, गट एबी निगेटिव्ह. मंडळाच्या माणसाने गट टाकला, नाव आलं, कोळीवाड्याशेजारच्या दुकानात फोन गेला, आणि टोपली शेजारणीकडे सोपवून यमुनाबाई कल्याणला पोचल्या. बाई वाचली. मुलगी झाली.

मी पेढे घेऊन वर्तकनगरला धावलो. पायऱ्या चढताना मनात ठरवत होतो की बाई काहीतरी म्हणतीलच; निदान 'दामले, छान' एवढं तरी. बाईंनी पेढा घेतला, सगळी हकिगत ऐकली, आणि विचारलं, "नावं किती आली होती?"

"एकच. यमुनाबाईंचंच."

"एकच," त्या म्हणाल्या. पेढा तसाच हातात राहिला. "आणि त्या दिवशी यमुनाबाई गावाला असत्या तर?"

मी म्हणालो, "पण बाई, हा प्रोग्रॅमचा दोष नाही."

"मी कुठे म्हटलं प्रोग्रॅमचा?"

पुढच्या रविवारी त्या साठे सरांकडे आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मग त्या पुतणीकडे कोल्हापूरला गेल्याचं कळलं आणि आमची गाठ पडली नाही. पण जाण्याआधी मला एकदा दिसल्या होत्या. दिवा स्टेशनजवळ.

मी एका मित्राची नवी जागा बघायला गेलेलो. बिल्डिंग उभी होती, पाणी यायचं होतं. खाली टँकर लागलेला, आणि त्याच्यामागे हंडे, कळश्या, बादल्या घेतलेल्या बायकांची रस्त्याच्या वळणापर्यंत रांग. त्या रांगेच्या कडेने टिपणीसबाई एक एक पाऊल पुढे सरकत होत्या. काखेत रजिस्टर, गळ्यात चष्मा. प्रत्येकीशी थांबून काहीतरी विचारत होत्या, लिहून घेत होत्या. कोणी मान हलवायची, कोणी हसायची, कोणी हातानेच 'पुढे जा' म्हणायची. मग निळ्या साडीतली एक बाई म्हणाली, "थांबा हां, बाळंतपणाचा कागद आहे वर, त्यात गट लिहिलाय बहुतेक." आणि जायला निघाली. पण रांग पुढे सरकत होती.

"जा तुम्ही, मी उभी आहे," टिपणीसबाई म्हणाल्या.

ती चार मजले चढून वर गेली. बाई तिच्या जागी रांगेत उभ्या राहिल्या. रजिस्टर बगलेत घट्ट दाबलेलं, एका हातात तिचा हंडा, दुसऱ्या हातात तिची कळशी. मी हाक मारणार होतो. तेवढ्यात रांग सरकली, आणि बाई दोन्ही भांडी सांभाळत एक पाऊल पुढे गेल्या.